डोअर व्हायझर: निवडावा कसा, बसवावा कसा

जून लागला की पुण्याच्या नाना पेठेतल्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत व्हायझरची मागणी वाढते, आणि पाऊस सरायच्या आत त्यातल्या बऱ्याच व्हायझरचं पुढचं टोक उचललेलं दिसतं. दोष प्लॅस्टिकचा क्वचितच असतो. घाईत पुसलेली चौकट, दुकानासमोर उन्हात किंवा रिमझिमीत केलेलं काम आणि चिकटवल्यावर लगेच धुतलेली गाडी, ही खरी कारणं. घरच्या पार्किंगमध्ये सावलीत, दीड-दोन तास काढून हे काम कुणालाही नीट करता येतं. फक्त त्यातला निम्मा वेळ पुसण्यात आणि दाबण्यात घालवायची तयारी हवी.

रेन व्हायझर म्हणा, डोअर व्हायझर म्हणा की विंड डिफ्लेक्टर, वस्तू एकच: दाराच्या चौकटीला वरून बसणारी, बाहेरच्या बाजूला फुगलेली पट्टी. काच दोन बोटं खाली घेतली तरी टपावरून ओघळणारं पाणी आत न येता पट्टीवरून बाहेर पडतं. गाडी धावत असताना वारा पट्टीवरून बाहेर वळतो, पट्टीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि आतली दमट हवा त्या फटीतून बाहेर ओढली जाते. चौघे भिजून गाडीत बसले की काचांवर वाफ धरते. ती निवळायला एवढी फट खूप मदत करते. ताम्हिणी घाटाच्या चढाला इंजिनाला जोर मिळावा म्हणून एसी बंद करणाऱ्यांना तर हा फायदा लगेच जाणवेल. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची काच बोटभर उघडी ठेवता येते, हा दुसरा उपयोग.

मर्यादाही आधीच कळलेल्या बऱ्या. काच चार बोटांच्या खाली गेली की पाऊस आत येणारच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, त्यामुळे लोणावळ्याच्या दिशेने जाताना पाऊस समोरून झोडपतो. तिथे व्हायझर काम करतो, पण सिग्नलला उभं असताना आडवा वारा सुटला तर थेंब आत येतात. ऐंशीच्या पुढे वाऱ्याचा आवाज थोडा वाढतो, तो चांगल्या व्हायझरनेही वाढतो. वर्षभर काचा बंद ठेवून एसीतच फिरणाऱ्यांनी यावर पैसे घालवू नयेत.

बाहेरचा की चॅनेलमधला

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक चौकटीवर बाहेरून दुहेरी टेपने चिकटतो. आपल्याकडे बहुतेक हाच खपतो आणि कंपनीच्या ॲक्सेसरीजमध्येही बहुधा हाच असतो. काही सेटमध्ये टेपच्या जोडीला पत्र्याच्या छोट्या क्लिपा येतात. दुसरा प्रकार काच ज्या रबरी खाचेतून वर-खाली होते त्या चॅनेलमध्ये खोचला जातो. त्याला टेप लागत नाही, तो स्वतःच्या ताणावर उभा राहतो आणि काच वर गेली की आणखी घट्ट होतो. दिसायला तो नेटका, रंगाला हात लागत नाही, पण काचेच्या वाटेत दीड-दोन मिलिमीटर जाडीचं काहीतरी कायमचं येऊन बसतं. रबर जुनं आणि आखडलेलं असेल, किंवा पॉवर विंडोची मोटर आधीच कुरकुरत असेल, तर चॅनेलमधला घेऊ नये. दाराला वरची चौकटच नाही अशा गाडीला दोन्ही प्रकार लागत नाहीत.

पुण्यातल्या रोजच्या वापराला चिकटवायचाच प्रकार सोयीचा. पुढे मुख्यतः त्याबद्दल सांगितलं आहे.

घेताना

पहिली गोष्ट गाडीची पिढी. नुसतं ‘स्विफ्टचा द्या’ म्हणून चालत नाही. २०१८ची आणि २०२४ची स्विफ्ट वेगळी, २०१९च्या आधीची आणि नंतरची वॅगन आर वेगळी, २०२०ला बदललेली क्रेटाही वेगळी. दुकानदाराला आरसी बुकावरचा महिना-वर्ष सांगा आणि नवं मॉडेल आलं त्याच वर्षातली गाडी असेल तर गाडीच घेऊन जा.

मग वळण तपासा, कारण सगळा खेळ त्याचा आहे. टेपवरचं लाल कव्हर न काढता व्हायझर चौकटीवर नुसता टेकवा, दाबू नका. दोन्ही टोकं आणि मधला भाग एकाच वेळी चौकटीला लागायला हवेत. एखादं टोक एक-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त अधांतरी राहत असेल तर तो तुकडा परत करा. दाबून चिकटवला तर त्या दिवशी बसेल, पण वाकवलेलं प्लॅस्टिक सरळ व्हायला बघतं आणि रात्रंदिवस टेपला सोलत राहतं. फोमची टेप पट्टीचं वजन वर्षानुवर्षं पेलते. टोकाकडून सतत सोलणारा ताण मात्र ती फार दिवस सोसत नाही. ऑनलाइन मागवलेले सेट कधीकधी लांब पाकिटात दुमडून, वाकून येतात. ते सपाट जागी एक-दोन दिवस ठेवून पुन्हा टेकवून पाहा आणि तरीही वळण जुळलं नाही तर परत पाठवा.

ॲक्रिलिक कडक आणि चकचकीत असतं, उन्हात रंग चांगला धरतं, पण जोरात वाकवलं किंवा दगड लागला तर तडकतं. पॉलिकार्बोनेट तडकत नाही, मात्र ओरखडे लवकर घेतं, आणि उन्हापासून वाचवणारा थर नसेल तर पिवळं पडतं. हातात घेतल्यावर लपलप वाकणारी, प्लॅस्टिकचा उग्र वास येणारी पातळ पट्टी नको. ती एका उन्हाळ्यात लाटा धरते.

टेप बघायला विसरू नका. कोपऱ्यातलं लाल कव्हर सेंटिमीटरभर उचला. आत करडा किंवा काळा, नखाने दाबल्यावर सावकाश वर येणारा फोम हवा. पांढरा, स्पंजसारखा, नखाने सहज तुटणारा फोम असेल तर व्हायझर चांगला असूनही टेप बदलावी लागेल. कव्हरवर नामांकित कंपनीचं नाव छापलेलं असणं हा पुरावा नव्हे. टेप स्वतः घेणार असाल तर बाहेरच्या वापरासाठीची ॲक्रिलिक फोम टेप घ्या, ८ ते १० मिलिमीटर रुंद आणि सुमारे १ मिलिमीटर जाड. हॅचबॅकचे चारही तुकडे मिळून साडेतीन मीटरच्या आसपास लागते, म्हणून ५ मीटरचा रोल पुरतो.

रंगाच्या बाबतीत आमचा कौल फिकट धुरकट छटेला. गडद काळा बाहेरून छान दिसतो, पण पुढच्या दारावर त्याचं टोक आरशाच्या दिशेला उतरतं आणि रात्री पावसात नेमकं तिथेच बघायचं असतं. उंच माणसाच्या डोळ्यांसमोर तर तो पट्टा सरळ आडवा येतो. घेण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा, बाहेरून कुणाला तरी व्हायझर जागेवर धरायला सांगा आणि दोन्ही आरसे बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० क्रमांकाचा नियम समोरच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश यायला हवा असं सांगतो. हा नियम काचांचा आहे, व्हायझर काचेला नव्हे, चौकटीला लागतो. तो काचेवर चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका, काच खालीच होणार नाही. क्रोमची पट्टी असलेला घेतला तर लक्षात ठेवा की ती पट्टी वेगळ्या पातळ टेपने लावलेली असते आणि आधी सुटते ती तीच.

केव्हा आणि कुठे

ही टेप २१ ते ३८ अंशांच्या दरम्यान उत्तम धरते आणि १० अंशांच्या खाली जवळजवळ धरतच नाही. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी सातला हे काम काढू नये, अकरा ते तीनची वेळ घ्यावी. एप्रिल-मेमध्ये उलट: उन्हात तापलेल्या काळ्या चौकटीवर पुसायचं अल्कोहोल मळ उचलायच्या आतच उडून जातं आणि टेप पहिल्या स्पर्शालाच पकडते, सरकवायला संधी देत नाही. सकाळी लवकर, सावलीत करा. पावसाळ्यात छपराखालची जागा हवी आणि गाडी आदल्या दिवसापासून कोरडी हवी. चौकटीच्या रबराखाली पाणी साठून राहतं. वरून कोरडी दिसणारी चौकट हात फिरवताच पुन्हा ओली होते.

दाराला नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर महिनाभर थांबा. रंग आतून पूर्ण वाळलेला नसतो आणि नंतर काढताना व्हायझरबरोबर तोही निघू शकतो. सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावर चढवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) केलेल्या गाडीवर टेपची पकड कमी होते. कोटिंग करायचंच असेल तर आधी व्हायझर बसवा आणि कोटिंगवाल्याला चौकटीची ती पट्टी सोडायला सांगा.

काय काय लागेल

तीन-चार स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, गाडीचा शाम्पू, मास्किंग टेप, पेन्सिल, कात्री, हेअर ड्रायर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिस्टकडे ७० टक्क्यांचं मिळालं तर तसंच वापरा. ९९ टक्क्यांचं असेल तर बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा, एका गाडीला दोनशे मिली पुष्कळ होतं. हाताला लावायचं सॅनिटायझर चालत नाही. त्यातलं ग्लिसरीन चौकटीवर पातळ थर सोडतं आणि टेप त्या थराला चिकटते, रंगाला नाही. थिनर रंग खातो, रॉकेल तेलकटपणा ठेवतं. दोन्ही दूर ठेवा.

बसवताना

मागच्या दारापासून सुरुवात करा. तो तुकडा लहान असतो, हात बसतो, आणि पुढच्या दाराचं अवघड टोक येईपर्यंत अंदाज आलेला असतो.

आदल्या दिवशी गाडी शाम्पूने धुवून वाळू द्या. चौकटीवर बोटाची पेरं फिरवा. खरखर लागली तर तिथे डांबराचे, धुळीचे कण बसलेले आहेत. क्ले बारने (रंगावरचे कण उचलणाऱ्या मऊ वडीने) किंवा बारीक पॉलिशने ते काढा आणि पॉलिशचा अंश पुढच्या पुसण्यात पूर्ण जाऊ द्या. दाराच्या चौकटीवर किंवा मधल्या खांबावर कंपनीने काळी फिल्म लावलेली असते. तिची कड कुठे सुटली असेल तर आधी तिचं बघा. व्हायझर सुटत्या फिल्मला चिकटवला तर दोन्ही एकत्रच निघतील.

आता कोरडी मांडणी. व्हायझर जागेवर धरा. टेप पूर्णपणे रंगवलेल्या पत्र्यावर किंवा पक्क्या फिल्मवर यायला हवी, रबरी बीडिंगवर अजिबात नाही, रबराला ही टेप धरत नाही. पुढच्या दाराच्या व्हायझरचं मागचं टोक आणि मागच्या दाराच्या व्हायझरचं पुढचं टोक यांत ४-५ मिलिमीटरची फट ठेवा. दोन्ही दारं आळीपाळीने पूर्ण उघडून बघा, कारण बंद असताना बरोबर दिसणारी टोकं दार फिरताना एकमेकांना घासू शकतात. पुढचं टोक काचेपुढच्या खांबाला टेकत नाही ना, हेही दार उघडं ठेवूनच तपासायचं. जागा पक्की झाली की दोन्ही टोकांपाशी मास्किंग टेपचे तुकडे चौकटीवर लावून पेन्सिलने खूण करा.

मग पुसणं. एका फडक्यावर अल्कोहोल घ्या, टेप बसणारी पट्टी एकाच दिशेने पुसा आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने त्याच दिशेने ओढून घ्या. पुढे-मागे घासलं तर मळ फक्त जागा बदलतो. फडक्याची घडी पालटत राहा, आणि कोरडं फडकं स्वच्छच वर येईपर्यंत पुन्हा करा. बहुतेक गाड्यांना तीनदा करावं लागतं, पॉलिश मारलेल्यांना जास्त. यानंतर त्या पट्टीला बोट लावू नका. अल्कोहोल व्हायझरच्या ॲक्रिलिकवर मात्र घालू नका: वळवलेल्या आणि कापलेल्या कडांवर त्याने केसासारख्या बारीक भेगा उमटतात. व्हायझर शाम्पूच्या पाण्याने धुतलेला पुरतो. टेप बदलली असेल आणि तिची जागा पुसायची असेल तर तिथेही तेच पाणी, मग पूर्ण कोरडं. अमोनिया असलेला काच क्लीनरही नको.

हेअर ड्रायरने चौकट आणि टेप कोमट करा, हाताला ऊब लागेल इतपतच. कारागिरांची हीट गन इथे धोक्याची, ॲक्रिलिक तापून वळण सोडतं.

आता लाल कव्हर. सगळं एकदम काढू नका. दोन्ही टोकांना साधारण ५ सेंटिमीटर कव्हर सोडवा आणि तिरकं दुमडून त्याचं शेपूट व्हायझरच्या बाहेर काढा. शेपूट आखूड वाटलं तर त्याला मास्किंग टेपचा तुकडा जोडा. अशा अवस्थेत व्हायझर खुणांवर टेकवता येतो, कारण मधली टेप अजून झाकलेली आहे. खुणा जुळल्या की दोन्ही टोकं हलकेच दाबा. मग पुढचं शेपूट धरून व्हायझरच्या रेषेतच मध्याकडे सावकाश ओढा. सरळ खाली खेचलं तर कव्हर आत तुटतं आणि सगळं पुन्हा काढावं लागतं. एका हाताने ओढत दुसऱ्या हाताचा अंगठा मागोमाग दाबत न्या, मग दुसऱ्या टोकाकडूनही तसंच.

शेवटी दाबणं. जिथे टेप आहे तिथेच, एकेक अंगठा रुंदीवर दहा सेकंद पूर्ण जोर द्या. एका व्हायझरला यात सहा-सात मिनिटं जातात आणि ती वाचवू नयेत: ही टेप दाबल्यानेच रंगाच्या बारीक खड्ड्यांत उतरते. फुगीर भागावर जोर देऊ नका, तिथे तडा जातो.   तासाभराने सगळी रेष आणखी एकदा दाबा. पुढच्या टोकावर मास्किंग टेपचा आडवा तुकडा लावून एक दिवस राहू द्या.

तिरका बसला तर पहिल्या काही सेकंदांतच उचला. नंतर उचललेली टेप ताणली जाते. ती दाबून उपयोग नाही, नवी लावा.

पहिले तीन दिवस

खोलीच्या तापमानाला ही टेप २० मिनिटांत निम्मी ताकद घेते, २४ तासांत सुमारे ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण. म्हणून पहिला दिवस काचा बंदच ठेवा, दारं जोरात आपटू नका. तीन दिवस धुणं नाही, एक्स्प्रेस वे नाही, गाडीवर कव्हर नाही. कव्हर ओढताना टोकात अडकतं आणि ताजा व्हायझर सोलतं. शनिवारी बसवून रविवारी महाबळेश्वरला निघायचा बेत असेल तर बसवणं पुढच्या आठवड्यावर ढकला.

चॅनेलमधला बसवायचा असेल तर

काच पूर्ण खाली घ्या, रबरी खाचेतली वाळू-माती मऊ ब्रशने काढा आणि खाचेत सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या. हा स्प्रे फक्त याच प्रकाराला. चिकटवायच्या व्हायझरजवळ सिलिकॉनचा फवारा उडाला तर टेप धरणार नाही. व्हायझर दोन्ही हातांनी किंचित वाकवून आधी एक टोक, मग दुसरं टोक खाचेत घाला आणि मग वरची कड सारखी आत ढकला. काच हळूहळू वर घ्या, शेवटच्या तीन-चार बोटांत थांबून ती पट्टीच्या आतल्या बाजूने जाते आहे का ते बघा. नंतर दोन दिवस काच बंद ठेवा म्हणजे रबर नव्या जाडीला सरावतं.

एका झटक्यात वर जाणारी, बोट अडकलं तर परतणारी काच असेल तर ती व्हायझरलाही अडथळा समजून खाली येते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन, मग वर बंद करून स्विच काही सेकंद ओढून धरला की ती नव्याने शिकते, पण नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्या. तरीही परतत राहिली तर व्हायझर काढा. मुलांच्या बोटांसाठी असलेली ती सोय बंद करून व्हायझर ठेवू नये.

बिघाड आणि त्यांची कारणं

पुढचं टोक उचललं, बाकी सगळं घट्ट: वळण जुळत नव्हतं किंवा टोकापाशी पुसणं राहिलं. तेवढीच टेप कापून काढा, दोन्ही बाजू साफ करा, नवा तुकडा लावा. तिथे फेव्हिक्विक घालू नका, ते कडक होऊन तडकतं आणि रंगावर डाग ठेवतं. पूर्ण लांबीची टेप व्हायझरसकट स्वच्छ सुटून आली आणि चौकटीवर काहीच राहिलं नाही, तर पॉलिशचा थर होता. फोम मधूनच फाटून अर्धा चौकटीवर राहिला असेल तर टेपच हलकी.

साठ-सत्तरला शिट्टी वाजायला लागली तर बहुतेक वेळा टेप पुढच्या टोकापर्यंत पोचलेली नसते आणि त्या पोकळीतून वारा शिरतो. मास्किंग टेपने तात्पुरतं बुजवून एक फेरी मारा. आवाज थांबला तर जागा सापडली, तिथे फोम टेपचा तुकडा बसवा.

झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी दर पंधरा दिवसांनी व्हायझरच्या आतल्या फटीत मऊ ब्रश फिरवावा. गुलमोहराची बारीक पानं तिथे अडकून ओली राहतात, काचेबरोबर खाली जातात आणि काचेवर उभे ओरखडे येतात. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी कडेवर सरळ न मारता लांबून, वरून खाली सोडायला सांगा.

काढताना

ओढून काढला तर रंग येतो. हेअर ड्रायरने टेपच्या रेषेवर दोन-तीन मिनिटं ऊब द्या, मासे पकडायची नायलॉनची दोरी किंवा दातांचा फ्लॉस टेपच्या मागे घाला आणि करवतीसारखी मागे-पुढे ओढत जा. दोरी रंगाकडे नव्हे, व्हायझरकडे झुकती ठेवा. चौकटीवर उरलेला फोम कोमट असतानाच अंगठ्याने गुंडाळत काढा. त्यानंतरही राहिलेला चिकटपणा टार रिमूव्हरने (डांबराचे डाग काढायच्या द्रावणाने) मऊ करून पुसून घ्या. ब्लेड किंवा पेचकस लावू नका. शेवटी ती पट्टी शाम्पूने धुवा आणि नवा व्हायझर लावणार असाल तर अल्कोहोलचं पुसणं पुन्हा पहिल्यापासून करा, कारण टार रिमूव्हरही आपला तेलकट थर मागे ठेवतो.